गोचिडीची लस: चरणाऱ्या गाईंसाठी ती काय करते, आणि मुळशी-मावळात तोवर काय करावं

मुळशी तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. घरी चार संकरित गाई, तीन गावठी गाई आणि वासरं आहेत. गावठी जनावरं रोज गायरानात आणि डोंगराच्या पायथ्याला चरतात, संकरित अधूनमधून. पाऊस सुरू झाला की गोचिड्या आवरत नाहीत. दर आठवड्याला औषध लावलं तरी आठ-दहा दिवसांत पुन्हा तेवढ्याच. मागच्या हंगामात एक संकरित कालवड गोचीड तापाने गेली. परदेशात गोचिडीवर लस निघाली आहे आणि ती एकदा टोचली की काम झालं, असं त्यांना कोणीतरी सांगितलं. ती पुण्यात कुठे मिळेल, असं त्या विचारतात.

ताई, आधी सरळ उत्तर देतो. गोचिडीविरुद्धची लस खरोखर आहे आणि तिला तीस वर्षं झाली. पण ती आपल्या बाजारात मिळत नाही. औषध दुकानात कोणी ‘गोचिडीची लस’ म्हणून काही हातात ठेवलं, तर बहुधा ते आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन असतं. ते औषध आहे. काही दिवस गोचिड्या आणि जंत मारतं आणि अंगातून निघून जातं. दुभत्या गाईला ते देऊ नये, कारण दुधातून उतरतं. तिसरी एक गोष्ट मात्र आपल्याकडे मिळते, ती म्हणजे गोचीड तापाची लस. तुमची कालवड ज्या रोगाने गेली, त्याच रोगाची. ती गोचिडीला काहीच करत नाही, पण जनावर वाचवते. या तिन्हींची सरमिसळ झाल्यामुळे खूप पैसे आणि जनावरं वाया जातात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

खऱ्या गोचीडविरोधी लसीचं काम ऑस्ट्रेलियात सुरू झालं. तिथल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेने गोचिडीच्या आतड्याच्या आवरणावरचं एक प्रथिन वेगळं काढलं. त्याचं नाव बीएम ८६. गाईच्या अंगावर राखाडी-निळसर, फुगलेली जी गोचीड आपण नेहमी पाहतो, शास्त्रीय नावाने ऱ्हिपिसेफालस मायक्रोप्लस, तिचंच हे प्रथिन. त्यावरून १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात ऑस्ट्रेलियात ‘टिकगार्ड’ आणि क्युबात ‘गॅव्हॅक’ या लसी बाजारात आल्या. ऑस्ट्रेलियातली पुढे बंद झाली, क्युबातली टिकून राहिली.

ती काम कशी करते हे कळलं की तिच्याकडून काय अपेक्षा ठेवायची तेही आपोआप कळतं. लस टोचल्यावर गाईच्या रक्तात या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी, तयार होतात. गोचीड रक्त पिते तेव्हा ती प्रतिपिंडं तिच्या पोटात जातात आणि आतड्याच्या पेशींना चिकटून त्या फोडतात. काही गोचिड्या मरतात. काहींचं आतडं फुटून रक्त त्यांच्या शरीरात पसरतं आणि त्या लालसर दिसू लागतात. उरलेल्या जगतात, पण पोटभर फुगत नाहीत, आणि कमी फुगलेली मादी कमी अंडी घालते. त्यातली बरीच अंडी उबतही नाहीत.

म्हणजे लस टोचलेल्या गाईच्या अंगावर गोचीड चढते, चिकटते आणि रक्तही पिते. आज टोचून उद्या गाय स्वच्छ दिसणार नाही. फरक दिसतो तो पुढच्या पिढ्यांत, गायरानातल्या गवतावर. एक मादी दोन-तीन हजार अंडी घालते. तो आकडा निम्म्यावर, पाव हिश्श्यावर आला की एकेका पिढीगणिक कुरणातली पिल्लं कमी होत जातात आणि काही महिन्यांनी कळपावरचा भार उतरतो. मी या लसीला कुरणाची लस समजतो. सुई गाईला टोचायची, पण इलाज होतो जमिनीवरच्या गोचीड-वस्तीवर.

‘एकदा टोचली की काम झालं’ हेही खरं नाही. लाळ्या-खुरकूतच्या लसीचं तुम्हाला माहीत आहे, ती ठरावीक काळाने पुन्हा द्यावी लागते. इथे अडचण त्याहून मोठी आहे. हे प्रथिन गोचिडीच्या पोटात लपलेलं असतं. ती चावताना ते गाईच्या शरीरात जातच नाही, त्यामुळे चावण्याने प्रतिकारशक्तीला उजाळा मिळत नाही. प्रतिपिंडं काही महिन्यांत उतरतात. म्हणून क्युबात सुरुवातीला काही आठवड्यांच्या अंतराने तीन मात्रा आणि पुढे दर सहा महिन्यांनी एक, असा क्रम ठेवला गेला. शिवाय गोचिडीच्या वाणागणिक परिणाम बदलतो. अर्जेंटिनातल्या एका वाणावर बीएम ८६ लस फारशी चालली नाही, म्हणून त्या वाणातून वेगळं प्रथिन घेऊन काम करावं लागलं. आपल्याकडे इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने देशी गोचिड्यांमधल्या अशाच प्रथिनांवर काम केलेलं आहे. पण शेतकऱ्याच्या हातात देता येईल अशी तयार कुपी त्यातून अजून आलेली नाही.

क्युबाचा अनुभव मला महत्त्वाचा वाटतो. तिथे १९९५ ते २००३ या काळात लाखो दुभत्या जनावरांना ही लस दिली आणि गोचीडनाशकाच्या फवारण्या सुमारे ८७ टक्क्यांनी कमी झाल्या. शून्य मात्र झाल्या नाहीत. लस, मोजकी फवारणी आणि जनावरांवर नजर, अशी तिन्ही एकत्र चालली. आणि ती सगळ्या कळपांना एका शिस्तीत दिली गेली. उद्या ती पुण्यात आली आणि तुम्ही एकट्याने सात गाईंना टोचून घेतली, पण त्याच गायरानात गावची दीडशे जनावरं बिनटोचलेली चरत असली, तर तुमच्या गाईंवर पिल्लं चढतच राहतील. त्यांची आई कोणाच्या गाईवरून खाली पडली, याच्याशी त्या पिल्लाला काही देणंघेणं नसतं.

हाच हिशेब फवारणीलाही लागू आहे. म्हणून लस येवो न येवो, तुम्हाला आज करण्यासारखं बरंच आहे.

सुरुवात एका छोट्या कामाने करा. संध्याकाळी गाई परत आल्या की शेपटीच्या मुळाशी, कासेच्या मागे, पोळीखाली आणि कानाच्या आत हात फिरवा. पूर्ण फुगलेल्या दोन-तीन गोचिड्या काढा आणि झाकणाला बारीक छिद्रं पाडलेल्या काचेच्या बाटलीत ठेवा. दिसायला ती एरंडाच्या बीसारखी असते. आता तिचे पाय पाहा. पाय फिकट, एकरंगी आणि तोंडाचा भाग इतका आखूड की वरून जेमतेम दिसतो, तर ती मायक्रोप्लस. पायांवर फिकट-गडद पट्टे आणि तोंड पुढे लांब आलेलं, तर ती हायलोमा. बाटली घरातच सावलीत राहू द्या. काही दिवसांत मायक्रोप्लसच्या तोंडापुढे तपकिरी, चकचकीत, एकमेकांना चिकटलेल्या अंड्यांचा पुंजका वाढत जाईल आणि मादी सुरकुतून मरेल. घरातल्या प्रत्येकाला ती बाटली दाखवा आणि मग उकळतं पाणी ओतून संपवा. अंगावरून काढलेली गोचीड गोठ्यातच टाकणारा माणूस हे पाहिल्यावर पुन्हा तसं करत नाही.

हा फरक ओळखायचा कारण दोघींचं राहणं वेगळं आहे. मायक्रोप्लस पिल्लू म्हणून गवतावरून एकदा गाईवर चढली की सगळ्या अवस्था त्याच गाईवर काढते. साधारण तीन आठवड्यांत फुगते आणि अंडी घालायला खाली पडते. तिची वस्ती कुरणात. लाल लघवीचा रोग, म्हणजे बबेसिओसिस, आणि अ‍ॅनाप्लाज्मोसिस हा रक्तातल्या जंतूंचा दुसरा रोग ती पसरवते. हायलोमा वाढीच्या काळात जनावर सोडून खाली उतरते. गोठ्याच्या दगडी भिंतीच्या फटीत, गव्हाणीच्या भेगांत, खुंट्याच्या बुडाशी लपून कात टाकते आणि पुन्हा जनावर शोधते. तुमच्या कालवडीला ज्याने नेलं तो गोचीड ताप, म्हणजे थायलेरिओसिस, हीच आणते. म्हणूनच चरायला कधीच न सोडलेल्या, बारमाही बांधून ठेवलेल्या संकरित गाईही गोचीड तापाने जातात. बारामती, इंदापूर, शिरूरकडच्या गोठ्यांत हे चित्र नेहमीचं. तुमच्याकडे चराई आणि बंदिस्त गोठा दोन्ही आहे, म्हणजे बहुधा दोन्ही गोचिड्या असतील. नुसतं गायरानाला दोष देऊन कालवडी वाचणार नाहीत.

आता फवारणी. दर आठवड्याला औषध लावूनही फरक का नाही? बऱ्याच घरी मी पाहतो ते असं: मगभर पाण्यात अंदाजाने औषध, त्यात बुडवलेलं फडकं, आणि ते पाठीवरून, पोटावरून पुसत न्यायचं. कान, मांडीचा सांधा, शेपटीखालची जागा, जिथे गोचिड्या दाटीने बसतात, तिथे फडकं पोचतच नाही. मोठी गाय नीट भिजायला चार-पाच लिटर द्रावण तरी लागतं, आणि ते पंपाने केसांच्या उलट्या दिशेने मारावं लागतं. अर्धवट मात्रेत गोचिड्या मरत नाहीत. ज्या थोड्याशा चिवट असतात त्या वाचतात आणि त्यांचीच पिल्लं पुढच्या खेपेला चढतात. देशात अनेक ठिकाणी पायरेथ्रॉइड गटाच्या औषधांना गोचिड्या दाद देईनाशा झाल्या आहेत, त्यामागे ही फडक्याची पद्धत मोठं कारण आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

औषध बदलताना नाव बदलू नका, गट बदला. डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन आणि पाठीवर ओतायचं फ्लुमेथ्रिन ही तिन्ही एकाच, पायरेथ्रॉइड गटातली. एकाला सवय झालेली गोचीड बहुधा दुसऱ्यालाही जुमानत नाही. अमिट्राझचा गट वेगळा आहे. नीट भिजवून फवारल्यावर तीन-चार दिवसांनी कानात आणि कासेमागे फुगलेल्या जिवंत माद्या सापडल्या, तर गट बदलायची वेळ आली असं समजा. घरी तट्टू किंवा घोडं असेल तर अमिट्राझ त्याच्या जवळही नेऊ नका. द्रावणाचं प्रमाण बाटलीच्या लेबलवर असेल तेच घ्या. फवारायच्या आधी गाईला पोटभर पाणी पाजा, म्हणजे ती अंग चाटणार नाही. ऊन उतरल्यावर फवारा, हातमोजे घाला, तोंड-नाक झाका. आणि दूध किती दिवस वापरायचं नाही हे लेबलवर वाचल्याशिवाय दुभत्या गाईला काहीही लावू नका.

एक गोष्ट कळवळून सांगतो. भाजीपाल्यावर, उसावर मारायचं कीटकनाशक जनावराच्या अंगावर लावू नका. गोचिड्या लगेच गळतात म्हणून शेजारी सल्ला देतात. पण तोंडाला फेस येऊन, अंग थरथरत गाय तासा-दोन तासांत आडवी होते, आणि पशुवैद्य पोचेपर्यंत बऱ्याचदा उशीर झालेला असतो. रॉकेल आणि गाडीचं जळकं तेल हेही त्याच यादीत. निंबोळी, वेखंड, लसूण, हळद यांचा लेप सौम्य आहे. थोड्या गोचिड्या असतील किंवा वासरू अगदी लहान असेल तर जरूर लावा, पण भर पावसाळ्यात गायरानातून येणाऱ्या कळपाला तो पुरा पडत नाही.

सगळ्यात जास्त फरक वेळेमुळे पडतो. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडची डोंगरउतारं भाजून निघतात. गवत सुकलेलं, जमीन तापलेली, त्यामुळे उघड्यावरची पिल्लं मोठ्या प्रमाणात मरतात. गोचिडीची संख्या वर्षात सर्वांत कमी असते ती याच वेळी. मृगाचा पाऊस पडला, दमटपणा आला की उरलेल्या थोड्या गोचिड्यांपासून नवी साखळी सुरू होते आणि हस्ताच्या पावसापर्यंत तिचा डोंगर होतो. बहुतेक लोक औषध आणतात ते गणपतीच्या सुमारास, गाय गोचिड्यांनी लडबडल्यावर. तोपर्यंत कुरणात लाखो पिल्लं पसरलेली असतात. त्याऐवजी मृगाआधी, मेच्या अखेरीस, अंगावर चार-दोनच दिसत असताना पहिली फवारणी करा. मग दर २१ दिवसांनी एक, अशा चार-पाच. मायक्रोप्लसला चढून फुगायला साधारण तेवढेच दिवस लागतात, म्हणून प्रत्येक फवारणी माद्या खाली पडायच्या आत त्यांना गाठते. आठवड्याला एक अर्धीमुर्धी मारण्यापेक्षा यात औषधही कमी लागतं.

ताम्हिणीकडच्या भागात जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस उघडीपच देत नाही, हे मला ठाऊक आहे. फवारलेलं धुऊन जातं. तिथे गोठ्यात अंग कोरडं करून पाठीच्या कण्यावर ओतायचं औषध जास्त सोयीचं. ते महाग पडतं, म्हणून वर्षभर न वापरता फक्त या दोन महिन्यांसाठी राखून ठेवा.

हे गावाने मिळून केलं तर फळ दुप्पट मिळतं. गायरानात येणाऱ्या सगळ्या घरांनी एकाच आठवड्यात फवारणी करायची, दूध संकलन केंद्रावर तारीख लिहून लावायची, एवढंच. गायरानाचे दोन भाग पाडून एक भाग पावसाळ्यात दोन-तीन महिने बंद ठेवता आला तर आणखी चांगलं, कारण जनावर मिळालं नाही तर पिल्लं उपाशी मरतात. थंड, ओल्या जागी ती जास्त तग धरतात, म्हणून ओढ्याकाठचा आणि दाट झुडपांचा भाग शक्यतो टाळा. चाकणच्या किंवा कुठल्याही बाजारातून आणलेलं जनावर गोचिड्या काढून, फवारून, दहा-बारा दिवस वेगळं बांधल्याशिवाय कळपात सोडू नका. बाहेरची चिवट गोचीड गावात बहुतेक वेळा अशीच येते.

गोठ्यासाठी वेगळं काम आहे. भिंतीच्या फटी आणि गव्हाणीच्या भेगा सिमेंटने लिंपून घ्या. जमत नसेल तर निदान चुना भरा. उकिरडा गोठ्यापासून लांब न्या. गावठी कोंबड्या गोठ्यात मोकळ्या सोडा, त्या गोचिड्या आवडीने टिपतात. फक्त औषध मारलेल्या दिवशी आणि नंतर दोन-चार दिवस त्यांना कोंडून ठेवा. भिंतीवर, फटींमध्ये औषध मारताना गाई बाहेर बांधा.

आता गोचीड तापाच्या लसीकडे येतो. ‘रक्षाव्हॅक-टी’ या नावाने ती हैदराबादची इंडियन इम्युनॉलॉजिकल्स बनवते. थायलेरियाचे कमजोर केलेले जिवंत जंतू तिच्यात असतात. म्हणून ती अतिशय थंड ठेवावी लागते आणि बाहेर काढल्यावर लगेच वापरावी लागते. दोन महिन्यांवरच्या संकरित वासरांना, कालवडींना आणि गाईंना ती देतात. गाभणकाळाच्या शेवटच्या महिन्यांत देत नाहीत. प्रतिकारशक्ती यायला काही आठवडे लागतात, त्यामुळे पावसाच्या तोंडावर धावपळ करून उपयोग नाही. फेब्रुवारी-मार्चमध्येच उरकून घ्या. एखाद-दोन जनावरांसाठी ती मागवणं जड जातं. तुमच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आसपासच्या संकरित गाईवाल्यांची नावं एकत्र द्या, म्हणजे डॉक्टरांनाही ती आणणं परवडतं. बबेसिया आणि अ‍ॅनाप्लाज्मावर तिचा काही उपयोग नाही. २०२२ मध्ये लम्पीसाठी टोचलेली लसही वेगळी, तिने गोचीड ताप अडत नाही.

गावठी गाईंचं काय? त्यांच्या कातडीत आणि रक्तात पिढ्यान्‌पिढ्यांची ताकद आहे. त्यांच्यावर गोचिड्या कमी टिकतात आणि लहानपणी थोड्या प्रमाणात जंतू अंगात गेल्याने लाल लघवीच्या रोगाशी त्यांची ओळख होते. बबेसियाचा रोग लहान वासरं मोठ्या जनावरापेक्षा सहज पेलतात. म्हणून गावठी वासरावर एकही गोचीड दिसू द्यायची नाही, असा हट्ट मी धरत नाही. तसं केलं तर ते मोठेपणी पहिल्यांदाच रोगाला सामोरं जातं आणि कोलमडतं. संकरित वासराला मात्र ही सवलत देऊ नका, थायलेरिया त्याला पहिल्याच फटक्यात नेऊ शकतो. आणखी एक पाहा: कळपातल्या बहुतेक गोचिड्या दोन-चार ठरावीक गाईंवरच असतात. त्या गाई ओळखून ठेवा, त्यांच्यावर जास्त लक्ष द्या आणि पैदाशीसाठी त्यांच्या कालवडी ठेवताना दहादा विचार करा.

पावसाळ्यात संकरित जनावर चारा सोडून उभं राहिलं की थर्मामीटर लावा. ताप १०४ फॅरनहाइटच्या वर आणि खांद्यापुढची गाठ सुजून हाताला लागत असेल, तर गोचीड तापाचा संशय धरा. लघवी कॉफीसारखी झाली तर बबेसिया. दोन्हींची औषधं वेगळी आहेत, म्हणून अंदाजाने इंजेक्शन देणाऱ्याला हात लावू देऊ नका. औषध देण्याआधी कानाच्या शिरेतल्या रक्ताची काच (काचपट्टीवर पसरलेला रक्ताचा थेंब) करून घ्या. ती तालुक्याच्या दवाखान्यात तपासून मिळते, आणि गुंतागुंतीचं असेल तर नमुना पुण्यात औंधच्या रोग अन्वेषण विभागात पाठवता येतो. थायलेरियावरचं ब्युपार्व्हाक्वोन पहिल्या दोन-तीन दिवसांत दिलं तर चांगलं लागू पडतं. डोळ्यांची आतली बाजू पांढरी पडल्यावर तेच औषध दिलं तरी जनावर हाताला लागेल याची खात्री राहत नाही. तुमच्या उरलेल्या कालवडींचा ताप जून ते ऑक्टोबर रोज संध्याकाळी मोजा आणि गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा.